शेवंतीचा गुच्छ

स्वतःच्या गळ्याला जावयासारखं जपणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. जर्मनीतल्या येना गावात आमच्या खालच्या मजल्यावर त्या राहायच्या. पोलंडच्या, आणि तिकडच्या भलत्याच लाडक्या गायिका. त्यांच्या गळ्याला वारा चालायचा नाही, आइस्क्रीम चालायचं नाही, आणि भर जुलैतसुद्धा त्याच्याभोवती लोकरी मफलर. "अहो बाई, उकडत नाही का?" मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "मला उकडतं. त्याला नाही." आमचं बोलणं जर्मनमध्ये चालायचं, त्यांचं मोडकं, माझं त्याहून मोडकं, त्यामुळे दोघींचं झकास जमायचं.

खाणकामगाराची ही पोर गायिका कशी झाली, ही गोष्ट मी निदान सहा वेळा ऐकली, आणि सहाही वेळा वेगळी. कधी रेडिओच्या साहेबांनी त्यांना ट्रॅममध्ये गुणगुणताना ऐकलं, कधी पावाच्या रांगेत. एकदा तर चक्क दंतवैद्याकडे, दाढ उपटताना मारलेल्या किंकाळीवरून. "किंकाळी सुरात होती," हेही बजावलं. नाव मात्र खरंच मोठं. पोलिश दुकानात गेलं, की ऐंशीचे आजोबा टोपी काढून त्यांच्या हाताचं चुंबन घ्यायचे, आणि बाई लोणच्याच्या काकड्यांवरची नजर न हलवता हात पुढे करायच्या. यजमान इथल्या भिंगांच्या कारखान्यात नोकरीला म्हणून त्या जर्मनीत आल्या. यजमान गेले, त्यांना पोलंडला नेऊन पुरलं, आणि बाईंनी लोकांसमोर गाणं सोडलं. रियाज तेवढा घरात, तोही नियमाने. दुपारी एक ते तीन आमच्या इमारतीची रुहेत्साइट, म्हणजे आवाज बंद. बाई एकच्या ठोक्याला सूर अर्ध्यात तोडायच्या आणि तीनला तिथूनच उचलायच्या. आमची लेक मुक्ता त्यावर घड्याळ लावायची.

गेल्या वर्षी इथल्या पोलिश मंडळींनी गळ घालून चर्चच्या हॉलमध्ये त्यांचं गाणं ठरवलं. बाईंची झोप उडाली. "आवाज मेला असेल तर?" जिन्यात भेटल्या की हेच. "काहीतरीच काय!" मी म्हणायचे.

कार्यक्रमाच्या दिवशी नेमका दसरा. मी उत्साहमूर्ती! फुलवालीकडची सगळी शेवंती उचलली आणि पडद्यामागे नेऊन बाईंच्या हातात दिली. बाई पांढऱ्याफटक पडल्या. "तुम्हालाही तसंच वाटतं तर," एवढंच म्हणाल्या, आणि आपला कोट शोधायला लागल्या. मला काही कळेना. मुक्ताने तिथल्या एका पोलिश बाईला जर्मनमधून विचारलं आणि माझ्या कानात सांगितलं, "आई, ही फुलं त्यांच्याकडे थडग्यावर ठेवतात!"

झालं! धरणीमाते, पोटात घे! बाहेर टाळ्या सुरू झालेल्या, आणि माझं असलं नसलं जर्मन पळालेलं. "अहो, आमच्याकडे ही देवाला वाहतात! आज सण आहे! बायका डोक्यात माळतात!" असं ओरडत मी एक फूल तोडून पुरावा म्हणून स्वतःच्या केसांत खोचलं. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"जिवंत बायका?"

"गेनाऊ! अगदी बरोबर! जिवंत!"

मग त्यांनी मफलर सोडला. मी त्यांचा गळा पहिल्यांदाच पाहत होते. एक पिवळं फूल अंबाड्यात खोचून त्या स्टेजवर गेल्या. पुढच्या रांगेतल्या आज्या दचकल्या, एकीने तर क्रूसाची खूण केली. आणि बाई गायल्या. काय सांगू! आवाज जरा चिरकत होता, पण मेला मुळीच नव्हता. ते टोपीवाले आजोबा मुसमुसून रडले, आणि शब्द न कळता मीही.

यंदा वसंतात बाई पोलंडला लेकीकडे कायमच्या राहायला गेल्या. खाली आता एक शांत जोडपं आलंय. रुहेत्साइट कधी सुरू होते, कधी संपते, कळतसुद्धा नाही. फार चुकल्यासारखं होतं. परवा, एक नोव्हेंबरला, दुपारी दोन वाजता त्यांचा फोन आला. त्या दिवशी तिकडे सगळे आपापल्या माणसांच्या थडग्यांवर शेवंती ठेवतात. "यजमानांना शेवंती ठेवली," त्या म्हणाल्या, "आणि त्यातलं एक फूल डोक्यात माळलं. लेक म्हणते, आई, लोक बघतायत. म्हटलं, बघू देत. मग तिथेच उभी राहून त्यांच्यासाठी गायले."

मी म्हटलं, "मलाही ऐकवा की."

"आत्ता? तिकडे रुहेत्साइट आहे ना?"

"असू दे," मी म्हटलं, आणि फोनचा आवाज वाढवला.