मूलच्या मैदानावर लागलेली झोप

सावली गावच्या सरकारी दवाखान्यात मी नर्स होते. डॉक्टर, कंपाउंडर आणि मी, एवढाच दवाखाना. बाळंतपणं बहुतेक लोकांच्या घरीच व्हायची, आणि बोलावणं आलं की हातातलं टाकून निघावं लागे. नवरा वैनगंगेपलीकडच्या खेड्यात मास्तर होता, शनिवारी सायकलने यायचा. घरी सासूबाई, मी आणि पाचवीतली मुलगी.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. ज्या गावची मंडई, त्या गावात घरोघरी पाहुणे. त्या वर्षी नणंद मुलाबाळांसकट आली आणि मंडई उठली तरी राहिली. धान कापून झालं होतं, तिला परतायची घाई नव्हती. सकाळी सगळ्यांसाठी तांदळाचे आयते, म्हणजे धिरडी, घालून मी दवाखान्यात जायची, आल्यावर पुन्हा चुलीपुढे.

त्याच दिवसांत मुलीची धावण्याच्या शर्यतीसाठी निवड झाली. शर्यती मूल गावाला होत्या. शाळेतून आली की ती धान कापलेल्या शेतातल्या बांधीत अनवाणी धावायची, पायांना धसकटं टोचायची. सासूबाईंना ते पटत नव्हतं. "पोरीच्या जातीले धावून काय भेटते?" असं त्या रोज म्हणत. मुलगी मला विचारायची, "माय, तू येशीन ना?" मी म्हणायची, बघू.

एका सकाळी दवाखान्यात सुया उकळायला ठेवल्या होत्या. भांड्यातलं पाणी आटत चाललेलं मला दिसत होतं. पण भांडं उतरवायला हातच उचलेना.

डॉक्टर मागून म्हणाले, "बाई, पाणी आटलं."

"हो," मी म्हटलं आणि तशीच उभी राहिले.

त्यांनी भांडं उतरवलं, मला बाकावर बसवून नाडी पाहिली. "ताप नाही. तुम्ही थकलात. आठवडाभर येऊ नका. मूलच्या नर्सला बोलावतो मी."

मला रडू येईल असं वाटलं होतं, तेही आलं नाही.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग नणंदेला म्हणाल्या, "बाई, आता तू आपल्या घरी जाय. तुह्या वहिनीले बरं नाई."

"मग मी हाओ ना, मी करतो काम."

"इतके दिवस काऊन नाई केलं?"

नणंद दुसऱ्या दिवशी गेली. रागावली होती. पुढच्या मंडईला आली नाही, त्यानंतरच्या मंडईला आली.

शर्यतीच्या दिवशी शेजाऱ्यांची बैलांची छोटी दमणी मागितली. मी आणि मुलगी बसलो, तर सासूबाई काठी टेकत बाहेर आल्या. "मीबी येतो," म्हणाल्या आणि चढून बसल्या.

मैदानावर आधी मुलांची कबड्डी होती. आम्ही चिंचेखाली बसलो. मी खोडाला पाठ टेकली.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. अंगावर सासूबाईंची चादर होती. शेजारी मुलगी मुरमुरे खात होती.

"झाली शर्यत?"

"झाली."

"कितवी आली?"

"दुसरी." तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"मला उठवलं का नाही?"

"मी उठू नाई देल्लं," सासूबाई म्हणाल्या. "ते तुले हलवाले आली होती. म्हटलं, निजू दे तिले."

परतताना मुलगी तोंड फिरवून बसली. थोडं अंतर गेल्यावर सासूबाईंनीच सुरुवात केली. "ते पहिली आलेली पोरगी बगळ्यावाणी उंच होती. आपली बारकी, पण वळणावर तिच्या बरोबरीनं आली."

"वळणावर नाई, आजी. त्याच्या आधीच."

"मी पाह्यलं ना. वळणावर."

"तुले इतक्या दुरून दिसते का?"

दोघी भांडत राहिल्या, आणि मला ती शर्यत तुकड्यातुकड्यांनी कळत गेली. मध्येच मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, "माय, तूच सांग, आजीचं खरं का माहं?" मी तर पाहिलंच नव्हतं. तिच्याही ते लक्षात आलं आणि ती हसली.

आठवडा संपल्यावर मी कामावर गेले. उन्हाळ्यात दवाखान्याला दुसरी नर्स मिळाली, तेव्हा लांबच्या गावांची बोलावणी आम्ही वाटून घेऊ लागलो. पुढच्या वर्षी मुलगी पुन्हा मूलला धावली आणि चौथी आली. ती शर्यत मी पाहिली. सासूबाई मैदानाच्या दोरीला अगदी चिकटून उभ्या होत्या, आणि एका मास्तरांना त्यांना दोनदा मागे सारावं लागलं.