बाजूला काढलेली फाईल

कारखान्यातला एखादा संगणक कोसळून पुन्हा सुरू झाला, की शेळके सर आधी सगळ्यांना की-बोर्डपासून लांब उभं करायचे. बाहेर वजनकाट्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, हॉर्नचा गोंधळ. सर मात्र सावकाश खिशातून पेन ड्राइव्ह काढायचे. "मुडदा हलवायच्या आधी पंचनामा. लई घाई असंल त्यानं ऊस डोक्यावर न्यावा."

संगणक कोसळताना आपली शेवटची हकिगत एका फाईलमध्ये लिहून ठेवतो. पुन्हा कोसळला, की नवी हकिगत जुनीवर लिहिली जाते आणि जुनी कायमची जाते. म्हणून सर ती फाईल लगेच बाजूला काढत. दोष सापडला, की तिला त्याचंच नाव देत: 'जुना प्रिंटर', 'काट्याची केबल'.

मी नगरहून आलेली, प्रोबेशनवर, फारसं न बोलणारी. सर मला "कॉन्व्हेंट" म्हणत. कर्जतकडची त्यांची बोली मला आवडायची. एकदा त्यांनी ठरावीक कळा दाबून मशीन मुद्दाम पाडून दाखवलं. फाईल उघडली, तर 'माणसाने हाताने पाडले' अशा अर्थाची इंग्रजी ओळ. "बघ, कॉन्व्हेंट. मशीन कुनाला घाबरत न्हाई. जे झालं तेच लिहितं."

ऐन हंगामात काट्याचा संगणक कोसळला आणि वजनं थांबली. आदल्या दिवशी मी त्यावर अपडेट टाकलं होतं. सरांनी त्याच्या आत एक नवं कार्ड बसवलं होतं. दोष दोघांपैकी एकाचा. "ज्याची चूक, तो घरी," मॅनेजर म्हणाले.

"फाईल मी काढतो बाजूला," सर मला म्हणाले. "तू च्या घेऊन ये जा. तोंड बघ एवढंसं झालंय."

मी कॅन्टीनमधून परत आले, तेव्हा नवं कार्ड काढलेलं होतं.

"सर, सकाळची फाईल?"

"मशीन परत पडलं गं. गेली."

मी नवी फाईल उघडली. वेळ मी कॅन्टीनमध्ये होते तेव्हाची. आणि खाली तीच ओळ, हाताने पाडल्याची.

आयुष्यात पहिल्यांदा मी न बोलावता मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. लॅपटॉप समोर ठेवला. बोलले ते सगळं इंग्रजीत. मॅनेजरनी स्क्रीनकडे पाहिलं आणि सरांना हाक मारली. "शेळके, यातलं तुम्हालाच कळतं. वाचा बरं."

सरांनी चष्मा लावला. त्या ओळीवर त्यांची नजर थांबली, ते मी पाहिलं.

"नेहमीचंच हाय, साहेब. अपडेटनं झालंय."

दाराबाहेर ते हळूच म्हणाले, "माझ्या रिटायरमेंटला थोडंच राहिलंय. तुला काय, इंग्लिश येतं, कुठंबी घेतील."

मला घेतलं, शिर्डीतल्या एका हॉटेलात. इथला संगणक कोसळला, की मीही आधी सगळ्यांना लांब उभं करते, फाईल बाजूला काढते, दोषाचं नाव देते. त्या दिवशीची फाईलही माझ्या पेन ड्राइव्हवर आहे. तिला नाव द्यायला मी अनेकदा बसले. 'शेळके' एवढं टाइप करते, आणि बोटं आपोआप पुढे 'सर' लिहितात. मग मी सगळंच खोडते.