लोपीस मास्तरांचे मार्क

लोपीस मास्तरांनी जन्मात कधी फुटबॉलला पाय लावला नव्हता, पण फुटबॉलच्या कोचना ते शंभरपैकी मार्क देत. दर शुक्रवारी कॉलेजचं बुलेटिन निघालं की पोरं पहिलं पान उलटून थेट मास्तरांच्या मजकुरावर जात. गेल्या शनिवारी कोचचं काय चुकलं, येत्या शनिवारी कोण जिंकणार, आणि सगळ्यात खाली मार्क. पास व्हायला पस्तीस. तिथं ऑस्ट्रेलियात पन्नासाच्या खाली कुणी पास होत नसे, त्यामुळे सुरुवातीला बरीच हसाहशी झाली. मास्तर म्हणाले, "आमच्या वसईत पस्तिसाला पास करतात, आणि तेवढे मिळवतानाही लोकांना घाम फुटतो." मग पस्तीसच चालू झाले.

मी त्या कॉलेजच्या ऑफिसात टायपिस्ट होते. आमच्या ग्लेन वेव्हर्लीच्या घरापासून कॉलेज गाडीनं दहा मिनिटांवर. शाळामास्तर घडवणारं कॉलेज होतं ते. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर नवऱ्याच्या नोकरीमागून मी पुण्याहून मेलबर्नला आले, तेव्हा फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. त्यातून तिथला फुटबॉल म्हणजे आपला नव्हे. लंबगोल चेंडू, एकेका बाजूला अठरा गडी, चेंडू हातात घेऊन पळायचं आणि उंच खांबांमधून लाथाडायचा. मला वाटायचं, एवढी मोठी पोरं चिखलात लोळतात, यांच्या आया कपडे धुतात तरी कशा!

मास्तर वसईच्या एका शाळेत वीस वर्षं गणित शिकवून आले होते. पण इथं त्यांचं सर्टिफिकेट कुणी मानेना. शेवटी विज्ञान विभागाच्या स्टोअरमध्ये सामान सांभाळायची नोकरी मिळाली. म्हणजे ज्या कॉलेजात कोवळ्या पोरांचे मास्तर बनवत होते, तिथं हा तयार मास्तर बाटल्या विसळत होता. मला याचा फार राग यायचा. मास्तरांना येत असेलही, पण त्यांनी तो दाखवला नाही. "बाय, शिकवायची खाज काय वर्गातच भागते असं नाही," एवढंच म्हणाले. त्यांनी ती बुलेटिनमध्ये भागवली.

गुरुवारी दुपारी तीन वाजता ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहत. खुर्ची दिली तरी बसत नसत. हात पाठीमागे बांधून मराठीत सांगत जायचे आणि मी त्याचं इंग्रजी करून स्टेन्सिलवर टाइप करायची. मध्ये कधी अडखळणं नाही, खोडणं नाही. एकदा ‘कोचनं गाढवपणा केला’ याचं मी ‘कोचचा निर्णय जरा घाईचा होता’ असं सभ्य इंग्रजी केलं. मास्तरांनी स्टेन्सिल उजेडात धरलं, चष्मा कपाळावर नेला आणि म्हणाले, "बाय, यातलं गाढव कुठं गेलं?" मला ते परत आणावं लागलं.

त्यांची भाकितं बहुतेक खरी ठरत. पोरांना वाटे, हा इंडियन काहीतरी पत्रिका-बित्रिका बघतो. मास्तर पक्के रविवारचे चर्चवाले, पत्रिका कुठली बघणार! त्यांची रीत साधी होती. मंगळवारी संध्याकाळी टीमची प्रॅक्टिस असे, तिथं कुंपणाला टेकून ते हजेरी घेत. कोण आला, कोण उशिरा आला, कोच बोलत असताना कोण जमिनीकडे बघत होता. "पोरं शनिवारी हरतात, कोच मंगळवारीच हरलेला असतो," असं ते म्हणत. वीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या माणसाला पोरांचं लक्ष उडालेलं पाठमोरं उभं राहूनही कळतं, हे मला त्यांच्याकडे बघून पटलं.

खेळ त्यांना शिकवला मिकनं. मिक म्हणजे कॉलेजच्या मैदानाची निगा राखणारा माणूस. आडवा बांधा, उन्हानं लाल झालेली मान, तोंडात सदानकदा विझलेली सिगारेट. तरुणपणी चांगला खेळलेला. मास्तर नोकरीवर आले त्या पहिल्या आठवड्यात यानं त्यांना गाडीतून घरी सोडलं आणि दुसऱ्या आठवड्यात मैदानावरच्या रोलरवर शेजारी बसवून सगळे नियम सांगितले. तिथून पुढं दोघांचा जेवणाचा डबा रोज स्टोअरमध्येच एकत्र उघडू लागला. मिक त्यांना ‘लोपी’ म्हणायचा. मास्तरांच्या घरून आलेलं बोंबलाचं लोणचं मिक पावाला फासून खायचा आणि डोळ्यांतून पाणी काढत म्हणायचा, "नो वरीज, मेट, नो वरीज."

पहिली मोठी भानगड झाली ती आधीच्या कोचच्या वेळी. तो व्यायामशास्त्राचा लेक्चरर होता, छाती काढून चालणारा. एका मॅचला आपल्या टीममध्ये एक भलताच चपळ डावखुरा पोरगा दिसला. मास्तरांच्या लक्षात आलं की त्याच्या नंबरापुढं यादीत ज्याचं नाव आहे तो पोरगा रोज स्टोअरमध्ये येतो आणि तो उजव्या हातानं सही करतो, उजव्या पायानं चेंडू मारतो. कोचनं बाहेरचा खेळाडू दुसऱ्याच्या नावावर खेळवला होता. आपण मॅच जिंकलो होतो. मास्तरांनी गुरुवारी मला सगळं जसंच्या तसं सांगितलं आणि मार्क दिले शून्य. माझी बोटं थांबली. मी म्हटलं, "मास्तर, आपलीच टीम आहे." ते म्हणाले, "म्हणून तर."

कॉलेजात गहजब झाला. त्या मॅचचे पॉइंट गेले, कोच गेला. पोरं मास्तरांशी बोलेनात. कुणीतरी स्टोअरच्या दारावर खडूनं वाईटसाईट लिहून ठेवलं. ते मिकनं पुसलं, आणि कँटीनमध्ये टेबलावर थाप मारून सगळ्यांना ऐकवलं, "लोपीला जे दिसतं ते लोपी बोलतो. ज्याला झेपत नसेल त्यानं बुलेटिन वाचू नये!" मग कोच व्हायला कुणी पुढं येईना, तेव्हा टीमच्या कमिटीनं मिकलाच कोच केलं.

पहिलं वर्ष बरं गेलं. मास्तरांनी त्याला साठ, बासष्ट, एकदा तर अडुसष्ट मार्क दिले, आणि एकदा चाळीस देऊन झाडलंसुद्धा. मिकला त्याचं काही वाटत नसे. सोमवारी डबा उघडताना तो विचारायचा, "का रे चाळीस?" आणि मास्तर बोटांवर मोजत कारणं सांगायचे.

दुसऱ्या वर्षी मात्र मिकचं घर मोडलं. बायको मुलीकडे ॲडलेडला गेली ती परत आलीच नाही. शनिवारची टीम सोडली तर माणसाला उठून बसायला कारण उरलं नाही. आणि नेमकी टीमही त्याच्या हातून निसटत चालली. मिकचा खेळ जुना, लांब लाथ मारायची आणि देवावर हवाला ठेवायचा. नवीन पोरांना हातानं पास देत वेगात खेळायचं होतं. ती त्याच्यासमोर माना हलवायची आणि मैदानात आपलंच करायची. टीम हरू लागली. एक, दोन, चार मॅचेस.

त्या गुरुवारी मास्तर माझ्यापुढे उभे राहिले नाहीत. घरूनच कागदावर लिहून आणलं होतं, तो कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "टाइप कर, बाय." पावसाला दोष दिला होता, अंपायरला दिला होता. मार्क पस्तीस. पुढच्या आठवड्यात पुन्हा हरलो, पुन्हा पस्तीस. त्याच्या पुढच्या आठवड्यात तेच. मला फुटबॉल कळत नसला तरी पस्तीस कळतात. आपल्याकडे शाळेत शिकलेल्या कुणालाही कळतील. पोरगा तिसाला अडला, वर्ष वाया जाईल, घरची परिस्थिती वाईट, की मास्तर ग्रेस मार्क देऊन त्याला वर ढकलतात. लोपीस मास्तर मिकला वर ढकलत होते.

बरं, हे नुसतं प्रेमाचं लाडावणं असतं तर मी काही बोलले नसते. पण कमिटीत मिकला काढायचा विषय निघाला की अध्यक्ष म्हणायचे, "लोपी त्याला पास करतोय ना? मग थांबू या." ज्या माणसानं स्वतःच्या टीमला शून्य दिलं, त्याच्या शब्दावर कुणाचा अविश्वास असणार? मी कमिटीच्या मीटिंगचे मिनिट्स टाइप करायची आणि गप्प बसायची. टीम आठवी मॅच हरली तेव्हाही मास्तरांनी पस्तीसच लिहून आणले. मी म्हटलं, "मास्तर, हे काय चालवलंय?" तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याच्याकडे दुसरं काय आहे, बाय?"

दुसऱ्या दिवशी मिक बुलेटिन हातात धरून ऑफिसात आला. "तुमच्यात पस्तीस हा काही खास आकडा आहे का गं? लोपी आधी कधी एकसष्ट द्यायचा, कधी सत्तेचाळीस द्यायचा. आता मात्र गेले पाच आठवडे पस्तीस." मला खोटं बोलता आलं असतं. मी बोलले नाही. ग्रेस मार्क म्हणजे काय ते मी त्याला सांगितलं. मी केलं ते बरोबर की चोमडेपणा, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

मिक तसाच स्टोअरकडे निघाला. मी मागोमाग गेले. मास्तर काचेच्या नळ्या पुसत होते. मिकनं दारातूनच विचारलं, "लोपी, माझे खरे मार्क किती?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना सगळं समजलं. हातातली नळी स्टँडला लावली. म्हणाले, "बावीस."

"पहिल्यापासून?"

"सुरुवातीला एकतीस होते. मग उतरत गेले."

मिकनं हातातल्या बुलेटिनची घडी घातली. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "आख्ख्या कॉलेजसमोर तू आपल्याच टीमला उघडं पाडलंस. मला एकट्याला सांगायची तुझी हिंमत झाली नाही? एकतिसाला सांगितलं असतंस तर मी काहीतरी केलं असतं, मेट. बाविसाला आता काय करू?"

मास्तर गणिताचे, पण या खेपेला त्यांची बेरीज पार चुकली होती. मित्राला सांभाळायला म्हणून त्यांनी त्याला चारचौघांत पाच आठवडे हरू दिलं होतं. मिकनं सोमवारी कोचपदाचा राजीनामा दिला. स्टोअरमधला डबा बंद झाला. मास्तर एकटे जेवत आणि लोणच्याची बाटली घरी गेली. गुरुवारी येऊन ते पुन्हा उभ्यानं सांगू लागले. मॅच, चुका, भाकीत, सगळं सांगत, पण मार्क देत नसत. नवीन कोचनं मुद्दाम येऊन विचारलं, तर म्हणाले, "परीक्षकच नापास झालाय." माझ्यावर ते एका शब्दानं रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

तिथला डिसेंबरातला उन्हाळा तसाच गेला. मार्चच्या शेवटी एका दुपारी मिक स्टोअरच्या दारात उभा राहिला. आत आला नाही. म्हणाला, "हायस्कूलच्या पंधरा वर्षांखालच्या पोरांची टीम घेतलीय. शनिवारी दहाला मॅच आहे. पेन्सिल घेऊन ये." आणि गेला. मास्तर त्या शनिवारी नऊलाच तिथं हजर होते, हे त्यांच्या बायकोनं मला फोनवर सांगितलं.

सोमवारी दोन्ही डबे पुन्हा स्टोअरमध्ये उघडले. मास्तर म्हणाले, "अठ्ठावीस." मिकनं सिगारेटच्या पाकिटावर अठ्ठावीस लिहिलं आणि विचारलं, "का?" मग तासभर कारणं चालली. पुढच्या सोमवारी सव्वीस, त्याच्या पुढच्या सोमवारी तीस. हे मार्क बुलेटिनमध्ये कधी आले नाहीत, पण दर सोमवारी ते ठरलेलेच.

पुढं ऐंशीच्या दशकात नवऱ्याची सिडनीला बदली झाली आणि आम्ही क्वेकर्स हिलला घर घेतलं. निघायच्या आदल्या शनिवारी मी मुद्दाम त्या दोघांबरोबर मॅचला गेले. मिकची पोरं पन्नास पॉइंटांनी जिंकली. हातानं पास देत, पळत, अगदी नव्या पद्धतीनं खेळली. मिक घामानं निथळत कुंपणापाशी आला. "बोल!"

मास्तर म्हणाले, "चौतीस."

"पन्नास पॉइंटांनी जिंकलो, लोपी!"

"पोरं जिंकली. तिसऱ्या क्वार्टरला तू झोपला होतास. तो बारीक पोरगा लंगडत होता आणि तू त्याला बाहेर काढला नाहीस."

मिकनं मैदानाकडे वळून पाहिलं. तो पोरगा खरंच एका पायावर भार देऊन उभा होता. मिक त्याच्याकडे पळत गेला. मला निरोप द्यायचं त्याचं राहूनच गेलं. मास्तरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बाय, टायपिंग कर, पण गाढवाला गाढवच लिही."

मास्तर गेल्याचं मला मिकच्या पत्रानं कळलं. झोपेत गेले, त्रास झाला नाही, चर्चमध्ये खूप माणसं आली होती, असं त्यानं लिहिलं होतं. अक्षर मोठं आणि वाकडंतिकडं, पत्र लिहायची सवय नसलेल्या माणसाचं. मी स्वयंपाकघरात उभ्यानंच ते वाचलं आणि मग खाली बसून पुष्कळ रडले. शेवटच्या ओळीत मिकनं लिहिलं होतं, "सहा वर्षं दर शनिवारी तो आला. मला त्यानं एकदाही पास केलं नाही."