हुशार पोरांचा वर्ग

आम्ही तिघी निवृत्त शिक्षिका संध्याकाळी अड्याळला एकमेकींच्या ओट्यावर बसतो. बोलणं कोणाच्या तरी गुडघ्यापासून सुरू होतं आणि शाळेत कधी जाऊन पोचतं ते कळत नाही. एक किस्सा निघाला की त्याला धरून दुसरा येतो. माझ्याकडचे बरेचसे एकाच वर्षाचे आहेत. ऐंशी सालच्या आसपासचं ते वर्ष.

झालं असं, की आमच्या हेडमास्तरांच्या मनात आलं, सातवीतली हुशार मुलं निवडायची आणि शाळा सुटल्यावर त्यांचा वेगळा वर्ग घ्यायचा. स्कॉलरशिपच्या परीक्षेत आपल्या शाळेचं नाव झालं पाहिजे. वर्ग माझ्या गळ्यात पडला.

मी विचारलं, "सर, शिकवू काय? त्यांना पुस्तकातलं सगळं येतं."

"मग जे येत नाही ते शिकवा," म्हणाले आणि निघून गेले.

एवढाच काय तो आमचा अभ्यासक्रम.

*

मधुकर किराणा दुकानदाराचा मुलगा. मी फळ्यावर गणित लिहून खडू खाली ठेवेपर्यंत त्याचं उत्तर तयार. "झालं बाई." मी आणखी दोन द्यायची. "झालं बाई." मी आणखी द्यायची. हुशार मुलाच्या पानात असंच वाढत राहायचं असतं, अशी माझी समजूत.

थोड्याच दिवसांत मधुकर सगळ्यांच्या मागे पडायला लागला. वहीवर पेन्सिल टेकवून खिडकीबाहेर बघत बसायचा. मला काळजी वाटली. बाजूला घेऊन विचारलं, "बरं वाटत नाही का? घरी काही झालं?"

"नाही बाई."

"मग गणितं का होत नाहीत?"

"होतात ना. पण लवकर केली का तुम्ही अजून देता. हळू करते त्याले एकच. मंग लवकर कायले करू?"

त्या दिवसापासून जादा गणितं बंद. ज्याचं आधी होईल त्यानं स्वतः एक नवं गणित तयार करायचं आणि ते मी सोडवायचं, असं ठरलं. मधुकर पुन्हा पहिला यायला लागला. जादा गणितं आता माझ्या वाट्याला आली!

*

या मुलांची एक खोड होती. लहानपणापासून "हुशार, हुशार" ऐकलेलं, त्यामुळे "येत नाही" म्हणायची लाज. उत्तर माहीत नसलं की काहीतरी ठोकून द्यायची. मी नियम केला, जो सरळ "मला माहीत नाही" म्हणेल त्याच्यासाठी वर्गानं टाळ्या वाजवायच्या. मग सगळ्यांनी मिळून उत्तर शोधायचं.

थंडीत भंडाऱ्याहून तपासणीला साहेब आले. हेडमास्तर त्यांना मोठ्या अभिमानानं आमच्या वर्गात घेऊन आले. साहेबांनी प्रश्न विचारले, मुलांनी पटापट उत्तरं दिली. साहेब खुशीत म्हणाले, "आता तुम्ही मला विचारा."

शकुन उभी राहिली. ही ढिवर वस्तीतली मुलगी, तिचे वडील गावच्या तलावात मासे धरायचे.

"सर, थंडीत सकाळी तलावावरून वाफ निघते. पाणी तं उकळत नाही. मंग वाफ काहून निघते?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. हेडमास्तरांकडे पाहिलं. हेडमास्तर छताकडे पाहत होते. शेवटी साहेब म्हणाले, "मला माहीत नाही."

अख्ख्या वर्गानं टाळ्या वाजवल्या.

हेडमास्तरांचा चेहरा उतरला. मी नियम समजावून सांगणार, तेवढ्यात मधुकर उठला. "घाबरू नका सर. आता आपण सगळे मिळून शोधू."

साहेब हसत सुटले. मग खुर्ची ओढून बसलेच. पाणी जास्त थंड की हवा, यावर पोरांची भांडणं लागली, त्यात साहेबही उतरले आणि त्यांची भंडाऱ्याची बस चुकली.

*

पुढे शकुन यायची बंद झाली. मी तिच्या घरी गेले. अंगणात तिचे वडील जाळं शिवत बसले होते.

"बाई, तुम्हीच म्हणता पोरगी हुशार आहे," ते म्हणाले. "हुशार आहे तं मंग शिकवायचं काय राह्यलं? ज्याले येत नाही त्याले शिकवा."

रागानं नाही, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. शाळेतले काही मास्तरही माझ्या मागे असंच बोलायचे, पण तोंडावर इतकं सरळ कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "दादा, तिला येतं त्याच्या पुढंही बरंच काही आहे." ते ऐकून घेत होते, पण पटलेलं दिसत नव्हतं. शकुन दाराआडून माझ्याकडे बघत होती.

तेवढ्यात तिची आई बाजारातून आली. डोक्यावरची टोपली उतरवता उतरवता म्हणाली, "न्या बाई इले. घरी आहे तवापासून डोकं खाऊन राहिली माझं. मासा डोळे काहून मिटत नाही, तराजूचा काटा मधातच काहून थांबते. मी मासे विकू का इले उत्तरं देऊ?"

वडिलांचा हात जाळ्यावर थांबला. हसू दाबत म्हणाले, "जा मंग. पण सांजच्याले एकटी येऊ नको."

पवनीला परीक्षा झाली. शकुनला स्कॉलरशिप मिळाली. मधुकरची थोडक्यात हुकली. त्याला विचारलं तर म्हणाला, "शेवटचं गणित लय सोपं होतं बाई. मंग मी ते कठीण करून पाहत बसलो."

*

पण आमच्या ओट्यावर मला पुन्हा पुन्हा सांगायला लावतात तो किस्सा परीक्षेच्या आधीचा.

शकुनला सोबत म्हणून तिच्या शेजारची विमल थांबायची. विमल सातवीतच नापास होऊन परत बसलेली. तिच्याकडून कोणाची काही अपेक्षा राहिली नव्हती. व्हरांड्यात गार वारा लागायचा म्हणून मी तिला आत मागे बसायला सांगितलं. रोज येऊन बसायची, शब्द बोलायची नाही.

एकदा मी फार अवघड गणित घातलं होतं. सगळ्यांच्या माना खाली. मधुकर फळ्यावर लिहायचा आणि बाहीनं पुसायचा. शकुन नख चावत बसली होती. हेडमास्तर दारात येऊन उभे राहिले. त्यांची नजर विमलवर गेली.

"हिचं नाव या वर्गात नाही ना?"

मी काही बोलण्याआधी त्यांनी तिलाच विचारलं, "काय गं, यातलं काही समजतं तुला?"

"नाही सर."

"मग रोज कशाला बसतेस?"

विमल उभी राहिली. म्हणाली, "आमच्या वर्गात मलेच येत नाही सर. इथं कोणालेच येत नाही. मले बरं वाटते."

हेडमास्तरांनी फळ्यावरचं गणित वरपासून खालपर्यंत वाचलं. मग त्यांनी दाराशी चपला काढल्या, मागे गेले आणि विमलच्या टाटपट्टीपाशी थांबले.

"थोडी सरक," ते म्हणाले.