बोटाला मानवतील अशा तारा

ब्रेल पुस्तकांच्या छापखान्यात त्यांना सगळे तर्जनीराव म्हणत. जन्मापासून डोळ्यांना दिसत नव्हतं, पण त्यावरून कुणी हळहळायला लागलं की ते म्हणायचे, "तुम्हाला दोन डोळे आहेत आणि तरी चष्मा हरवता. माझं एकच बोट आहे, पण अजून एकदाही शोधावं लागलेलं नाही."

ते बोट म्हणजे डाव्या हाताची तर्जनी. उजवा हात नुसती ओळ सांभाळायचा, वाचायचं काम डाव्या तर्जनीचं. काम होतं मुद्रितशोधनाचं. उठवलेल्या ठिपक्यांचं कच्चं पान बोटाखाली घेऊन तर्जनीराव मोठ्यानं वाचत. टेबलापलीकडे ताई मूळ छापील प्रत घेऊन बसत आणि ऐकलेलं छापील मजकुराशी जुळलं नाही की पेन्सिल आपटत. बावीस वर्षं हेच चाललं होतं. दोघांनी मिळून शेतीची, कायद्याची, बाळंतपणाची आणि मधमाश्या पाळण्याची पुस्तकं वाचून काढली होती. ताई म्हणायच्या, "आपल्याला सगळं माहीत आहे राव, फक्त येत काहीच नाही."

अशात एके दिवशी छापखान्यात फोन आला. व्यवस्थापक बाईंनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

"तुमच्या विणकामाच्या पुस्तकावरून मी आमच्या ह्यांचा स्वेटर विणला," पलीकडून एक बाई सांगत होत्या. "पाठ छान झाली, पुढचा भागही छान झाला. बाही मात्र बाहुलीच्या मापाची झाली. आमचे हे चांगले दणकट आहेत हो! त्यांचा हात कोपरापर्यंत गेला आणि तिथंच अडकला. कापून काढावा लागला."

"हात?" ताई घाबरून म्हणाल्या.

"स्वेटर!"

पान शोधलं. ब्रेलमध्ये सहा आणि तीन या आकड्यांत एकाच ठिपक्याचा फरक असतो. बाहीच्या नवव्या ओळीत तो ठिपका उठलाच नव्हता. सहा टाक्यांचे तीन झाले होते, तिथून पुढची बाही निम्म्या टाक्यांवर विणली गेली होती, आणि पुस्तक तसंच छापून घरोघरी गेलं होतं.

"पण तुम्ही सहाच वाचलं होतंत," ताई म्हणाल्या. "नाहीतर मी पेन्सिल आपटली नसती?"

तर्जनीरावांनी पानावर बोट ठेवलं. सहा लागलं. पुन्हा फिरवलं. पुन्हा सहाच. शेवटी त्यांनी उजव्या हाताचं बोट ठेवलं, पहिलीतल्या मुलासारखं ते एकेका ठिपक्यावरून चाचपडत नेलं, आणि कपाळाला हात लावला. तीनच होते! आठ ओळी 'सहा सुलट, सहा उलट' म्हणता म्हणता त्यांना ताल लागला होता. नववी ओळ बोटानं वाचलीच नव्हती, ती तोंडानं म्हटली होती. एरवी बोटानं लगेच तक्रार केली असती. आता ते गप्प राहिलं होतं.

ताईंनी त्यांचा हात ओढून उजेडात धरला. "अगं बाई! हे बोट आहे की टाच? घट्टे केवढे पडलेत!"

घट्टे गिटारचे होते.

गिटार मेव्हण्याची. दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी परगावी जाताना तो ती बहिणीकडे ठेवून गेला, आणि तर्जनीरावांनी धूळ झटकता झटकता वाजवायला सुरुवात केली. मागच्या खेपेला आला तेव्हा त्यानं तारा बदलल्या. "भावजी, आता खरा आवाज ऐका," म्हणत त्यानं बाजारातल्या सगळ्यात जाड तारा ताणून बसवल्या. आवाज खरंच घरभर घुमायला लागला. बोट मात्र रोज संध्याकाळी त्या तारांवर दाबून दाबून निबर होत गेलं.

व्यवस्थापक बाई चांगल्या होत्या, पण कामात सवलत देणाऱ्या नव्हत्या. "दोन महिने देते," त्या म्हणाल्या. "मग मी मुद्दाम चुका पेरलेली दहा पानं तुमच्यापुढे ठेवीन. एक जरी सुटली तरी तुम्ही बांधणी विभागात. तिथं पानं टोचायला घट्टे उपयोगी पडतात. आणि खरं सांगू? सरळ ती गिटारच सोडा ना."

तर्जनीरावांनी काठी उचलली आणि घराची वाट धरली.

गिटार का सोडता येत नव्हती, याचं उत्तर घरी होतं. त्यांची बायको प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. लग्न झालं तेव्हा गायची. मग शाळा, सासूचं आजारपण, वह्यांचे गठ्ठे यांत गाणं कधी थांबलं ते तिलाही सांगता आलं नसतं. गिटार घरात आली आणि तिसऱ्या दिवशी तर्जनीराव चाचपडत एक चाल वाजवत असताना स्वयंपाकघरातून ती गुणगुणल्याचं त्यांना ऐकू आलं. त्यांनी चाल तोडली नाही, श्वासही जपून घेतला. तेव्हापासून रोज संध्याकाळी एक तास ती गायची आणि हे वाजवायचे. गिटार सोडायची म्हणजे तो तास सोडायचा. बोट सोडायचं म्हणजे बावीस वर्षांची खुर्ची सोडायची.

ते वाद्यांच्या दुकानात गेले. दुकानदार तोंडानं भारी. "गिटार उलटी धरा, उजव्या हाताची बोटं तारांवर दाबा, डावं बोट मोकळं!"

"एक्कावन्नाव्या वर्षी उलटा होऊ? इथवर सुलटा यायलाच इतकी वर्षं लागली. तारांचं बोला."

दुकानदारानं पाकिटं पुढे सरकवली. तारांची जाडी आकड्यांत सांगतात, सगळ्यात बारीक तारेचा आकडा तोच पूर्ण संचाचा. मेव्हण्यानं तेराच्या बसवल्या होत्या. खाली बारा, अकरा, दहा. त्यातही प्रकार. काहींवर प्लास्टिकचा पातळ लेप, काहींत पोलादाभोवती रेशमी धागा आणि त्यावर धातूचा वेढा. तर्जनीराव एकेक तार बोटांतून ओढून बघत होते.

"नायलॉनच्या नाहीत?"

"आहेत. पण तुमच्या गिटारला लावल्या तर ती रुसेल. तिची घडणच पोलादी तारांची आहे."

त्यांनी चार पाकिटं घेतली आणि ताईंना योजना सांगितली. आधी दहा दिवस गिटार बंद, घट्टे सोलून निघू देत. मग प्रत्येक संच बारा दिवस. शेवटच्या दिवशी सकाळी ताईंसमोर दहा पानं वाचायची आणि ताईंनी चुका मोजायच्या.

"आणि आवाज कसा ते कोण ठरवणार?"

"ते खातं घरी आहे."

"दुकानात लोक कानानं तारा निवडतात," ताई म्हणाल्या. "पुस्तक वाचून निवडणारे तुम्हीच पहिले."

दहा दिवसांनी लेपाच्या, बारा आकड्याच्या तारा लावल्या. बोट त्यावरून लोण्यासारखं घसरायचं. बायकोही खूश. पण ताण तसाच जबर. बाराव्या दिवशी दहा पानांत पेन्सिल चारदा वाजली.

मग दहाच्या. त्यांना वाटलं होतं, तार जितकी बारीक तितकी मऊ. बारीक तार सुरीच्या पात्यासारखी निघाली. तर्जनीच्या टोकावर आडवी चीर पडली आणि त्या सकाळी वाचताना त्यांना प्रत्येक अक्षरात एक रेघ जास्त लागायला लागली.

"इथं काय लिहिलंय?" ताईंनी विचारलं.

"माझं बोट म्हणतं, इथे कुंपण आहे."

तीन चुका.

रेशमाच्या तारांनी मात्र कमाल केली. बोटाला जणू कुणी उशी दिली. धीर न धरवून त्यांनी चार दिवसांतच चाचणी दिली: दहा पानं, एकही चूक नाही. ताईंनी पेन्सिल खिशात ठेवली आणि पेढे मागितले. तर्जनीराव उड्या मारत घरी गेले. तिथं बायको म्हणाली, "अहो, तुम्ही वाजवताय की शेजारच्या घरात कुणी घोंगडीत गुंडाळून वाजवतंय?" तिनं दोन दिवस आवाज दाबून गायलं. तिसऱ्या दिवशी तिला अचानक वह्या तपासायच्या आठवल्या. चौथ्या दिवशीही. वह्यांना कधी नव्हे इतकं महत्त्व आलं. तर्जनीराव एकटेच वाजवत बसले आणि त्यांना समजलं की बोट वाचलं तरी तास गेलाच. त्यांनी बारा दिवस पुरे केले नाहीत.

उरल्या अकराच्या. आवाज भरलेला, बायको परत आली. पण मधल्या एका सकाळी ताईंनी चाचणी घेतली तर दोन चुका. पेरलेल्या चुकांच्या पानांना आता आठ दिवस उरले होते.

ते पुन्हा दुकानात गेले आणि अख्खी कहाणी सांगितली. या वेळी दुकानदार नवी पाकिटं न सरकवता म्हणाला, "तार हीच ठेवा. खुंट्या सैल करा. सगळ्या तारा एका पूर्ण स्वरानं उतरवा. ताण कमी झाला की बोटाला सुख. दहाच्या असत्या तर इतक्या सैल होऊन भणभणल्या असत्या, अकराच्या तग धरतील."

"पण मग प्रत्येक गाणं खाली उतरेल. गाणारीचं काय?"

"ते गाणारीला विचारा. मी तारा विकतो, बायका समजावत नाही."

तर्जनीरावांनी विचारलं नाही, इथं त्यांचं धैर्य कमी पडलं. दुपारी घरात कुणी नसताना तारा उतरवल्या आणि संध्याकाळी काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं वाजवायला बसले. बायको गायला लागली. दुसरं कडवं आलं. त्यातल्या वरच्या ओळीला ती दर वेळी आधी एक मोठा श्वास घ्यायची, तो त्यांना पाठ होता. आज श्वास आलाच नाही. ओळ तशीच सहज वर गेली आणि अलगद खाली आली. ती गाता गाता थांबली.

"आज मला काय झालंय? गळा एकदम वीस वर्षांचा झाला की काय?"

"गळा नाही. मी तारा उतरवल्यात," ते म्हणाले आणि ओरडा खायची तयारी करून बसले.

ओरडा आला, पण निराळा. "मग दोन वर्षं काय करत होतात? तुमचा तो सूर माझ्या डोक्यावरून जायचा! मी टाचा उंच करून गात होते!"

"सांगायचं नाहीस का?"

"तुम्ही इतक्या कौतुकानं वाजवायचात, कुठं मोडता घालू? मला वाटलं, गिटार तेवढ्याच सुरात वाजते."

"आणि मला वाटलं, तू तेवढ्याच सुरात गातेस."

दोघंही बराच वेळ हसत राहिले.

ठरल्या दिवशी व्यवस्थापक बाईंनी दहा पानं ठेवली. तर्जनीराव वाचायला लागले ते इतक्या सावकाश की ताईंनी एकदा त्यांना चिमटा काढला. या वेळी ते ताल धरत नव्हते. प्रत्येक ठिपक्याला जणू नाव विचारून पुढे जात होते. पेरलेल्या सात चुका सातही सापडल्या.

"वेळ दुप्पट लागला," बाई घड्याळ बघत म्हणाल्या.

"बाई, आता बोट वाचतंय. तोंडाला जरा थांबायला सांगितलंय."

"बसा खुर्चीवर," बाई म्हणाल्या, आणि पुढच्या पुस्तकाचा गठ्ठा त्यांच्यापुढे सरकवला.

पुढच्या सुट्टीत मेव्हणा आला. गिटार मांडीवर घेऊन त्यानं एक सूर छेडला आणि तोंड वाकडं केलं. "भावजी, हे काय? सगळ्या तारा उतरल्यात. थांबा, वर चढवून देतो."

त्याचा हात खुंटीकडे गेला न गेला तोच स्वयंपाकघरातून बहिणीचा आवाज आला, "एकाही खुंटीला हात लावलास तर जेवायला मिळणार नाही!"

"अगं, पण आवाज..."

"आवाज माझा आहे," ती बाहेर येत म्हणाली, गिटार त्याच्या हातातून काढून नवऱ्याच्या हातात दिली, आणि गायला उभी राहिली.