अक्कांचा सावकाश गेम

अक्का गेम पाठमोऱ्या बसून बघायच्या. आमच्या गावी, भवानी पेठेतल्या त्यांच्या घरात पुढच्या खोलीत दोन टीव्ही, व्हिडिओ गेमची दोन खोकी आणि पिवळ्या कॅसेटींचा ढीग होता. मागच्या खोलीत टॉवेलचे माग. मधल्या उंबऱ्यावर, टीव्हीकडे पाठ करून, अक्का सुताच्या कांड्या भरत बसायच्या आणि नुसत्या आवाजावरून सांगायच्या, "ए पोरी, पाण्यात पडतीस बग." तोवर मी पडलेली असायचे.

गेमच्या दुकानात मुलींना कोण पाठवतंय? पण हे दुकान बाईचं, म्हणून आईनं नाक मुरडत का होईना, मला सोडलं. दाराला पडदा म्हणून लाल चादर टांगलेली होती. उन्हाळ्याच्या दुपारी ऊन तिच्यातून झिरपून आत यायचं, कापसाची पिंज हवेत तरंगत राहायची, मागांचा खडखडाट ऐकता ऐकता ऐकू येईनासा व्हायचा. मला अजून स्वप्नात तीच खोली दिसते आणि तिच्यात मी कधीच मोठी नसते. जागी झाले की थोडा वेळ आताचं पुण्यातलं घर परकं वाटतं.

अक्का घरात तेलुगू बोलायच्या, आमच्याशी मराठी आणि रागावल्या की दोन्ही. कुणी हरल्यावर रिमोट आपटला, तर "सासऱ्यानं दिलाय व्हय रे?" असं विचारून त्याला चादरीबाहेर काढायच्या. थोड्या वेळानं त्याच हाक मारून आत घ्यायच्या. आपण लई कडक आहोत, असा त्यांचा समज होता आणि तो आम्ही मोडला नाही.

खरं वेड त्यांच्या यजमानांना. माणूस अबोल. मागावरचा ताणा, म्हणजे उभं सूत, संपला की नवा जोडणारा येईपर्यंत ते पुढे येऊन बसायचे, रणगाड्यांचा गेम लावायचे आणि अतिशय वाईट खेळायचे. तेवढा वेळ अक्कांचा कांड्या भरणारा हात थांबायचा. लहानपणी मला वाटायचं, त्यांना नवऱ्याच्या खेळाची लाज वाटते. प्रेम ओळखायची अक्कल त्या वयात कुठली?

पुढे मोबाइल आले, दुकान बसलं. यजमान गेले, माग विकले, आणि साखरेनं अक्कांचे डोळेही नेले. या उन्हाळ्यात मी भेटायला गेले, तेव्हा बांधाबांध झालेली होती. लेक त्यांना कायमची सांगोल्याला नेणार होती. संध्याकाळी गाडी यायची होती. माझा हात चाचपत अक्का म्हणाल्या, "डोळ्याचं काय न्हाय गं. त्यांचा आवाजच आठवंना झालाय. तोंड आठवतंय, हात आठवतात, आवाज न्हाय. तो गेम कानावर पडला तर येईल, असं वाटतंय. हितंच, या खोलीत. तितं गेल्यावर काय यायचा?"

लॅपटॉप पिशवीत होताच. जुन्या खोक्याचं सोंग कॉम्प्युटरला घ्यायला लावणारे प्रोग्रॅम असतात, एम्युलेटर म्हणतात त्यांना. त्यातला कुठला चांगला, यावर जगभरची माणसं भांडतात. मी सगळ्यात नावाजलेला उतरवून घेतला. चित्र लखलखीत, आवाज स्वच्छ. अक्कांनी मान कलती केली. "हे न्हवं. हे पळतंय." दुसरा लावला. "हेबी पळतंय. कुटली गाडी चुकतीय त्याची?" वयानं कान फसवत असतील, असं मला वाटलं, पण खरं सांगायचं तर माझ्याही कानांना काहीतरी खटकत होतं.

लेकीनं चहा टाकला, तोवर मी शोधत बसले आणि सापडलं. आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत वेगळी, म्हणून इथली खोकी तोच गेम मूळ देशापेक्षा सावकाश चालवायची. जाणकार त्याला दोष म्हणतात. आमची अख्खी पेठ त्या दोषालाच खरा वेग समजून मोठी झाली होती. कुणी फारसं न वापरणारा, दिसायला ओबडधोबड असा एक एम्युलेटर होता; त्यात टीव्हीची पद्धत निवडता यायची. मी आपली पद्धत निवडली.

सुरुवातीची धून रमतगमत निघाली. अक्का ताठ बसल्या. रणगाड्यांची घरघर रिकाम्या खोलीत पसरली आणि मला उगाचच वाटलं, मागच्या खोलीत कुणीतरी आहे. मी कशीबशी खेळत होते. माझा शेवटचा रणगाडा उडाला, आणि शेजारून जाड, हळू, किंचित हसरा आवाज आला.

"अय्यो, पोयिंदि गदा."

अरे, गेलं की, असं तेलुगूत. शब्द अक्कांच्या तोंडून आले होते, आवाज त्यांचा नव्हता. त्यांनी तोंडावर हात नेला. डोळे भरून आले होते आणि त्या हसत होत्या. "असंच म्हनायचे बग ते," म्हणाल्या. "अगदी असंच."

मग माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाल्या, "परत हर बगू एकदा."

गाडी दाराशी येईपर्यंत मी हरत राहिले.