मिक्सर चालू असेपर्यंत

अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनला मुलाकडे पोचलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी आमच्या यांनी एका परक्या बाईला गुडघा दाखवला.

अपार्टमेंटच्या टपालपेट्यांपाशी एक वयस्कर गोरं जोडपं उभं होतं. दोघांच्या छातीवर नावाची काळी पाटी, आणि बाईंच्या पाटीवर आडनावाआधी 'सिस्टर' लिहिलेलं. यांचा गुडघा विमानात आखडला होता. सिस्टर म्हणजे नर्स, आणि नर्स शेजारी राहते म्हणजे देव पावला, असा हिशेब मांडून यांनी पँट वर सरकवली. बाईंनी बिचाऱ्यांनी वाकून गुडघा पाहिला, हळहळल्या, आणि संध्याकाळी गरम पाण्याची पिशवी घेऊन वर आल्या. त्या नर्स नसून धर्मप्रसारक आहेत, हे मुलाने ऑफिसातून आल्यावर हसत हसत सांगितलं. तोवर गुडघ्याला उतार पडला होता, त्यामुळे यांनी तक्रार केली नाही.

मुलाने सांगितलं ते असं. मॉर्मन नावाचा ख्रिस्ती लोकांमधला एक पंथ आहे. त्यांची तरुण मुलंमुली घरदार सोडून देशोदेशी सेवेला जातात, आणि नोकरीतून मोकळी झालेली जोडपीसुद्धा पदरमोड करून जातात. हे दोघं इंग्लंडचे. यॉर्कशायरमधल्या कुठल्याशा खेड्यात यजमान बस चालवत, बाई शाळेत स्वयंपाक करत. आता दीड वर्षासाठी ओहायोत, आमच्या खालच्याच मजल्यावर. नवराबायको असून एकमेकांना ते 'एल्डर' आणि 'सिस्टर' म्हणूनच हाक मारत. एल्डर म्हणजे वडीलधारे, पण त्यांच्याकडे जेमतेम मिसरूड फुटलेल्या पोरांनाही एल्डरच म्हणतात. मी आपलं पहिल्या दिवसापासून त्यांचं एल्डरबुवा आणि सिस्टरबाई करून टाकलं.

पिशवी परत करायची तर रिकामी कशी करणार, म्हणून मी दोघांना चहाला बोलावलं. आलं घातलं, वेलची घातली, सुनेच्या ठेवणीतल्या कपबशा काढल्या. दोघांनीही नम्रपणे नको म्हटलं. आमच्या नाशिकला घरी येऊन चहा नको म्हणणारा माणूस एक तर आजारी असतो नाहीतर रुसलेला. मला रागच आला. मग कळलं की चहा, कॉफी, दारू, तंबाखू हे सगळं त्यांच्या धर्मात एकाच पंगतीला बसतं. यांना तर ते पचेचना. "अख्ख्या देशाला चहाला लावून गेले," हे मला मराठीत म्हणाले, "आणि आता स्वतः नको म्हणतात." शेवटी मी कोकम सरबत केलं. बुवांनी पहिला घोट घेतल्यावर डोळे मिटले आणि दुसरा ग्लास मागितला, तेव्हा माझा राग गेला.

"जपून राहा," हे मला नंतर म्हणाले, "धर्म बदलायला लावतील." मी म्हटलं, लग्नाला इतकी वर्षं झाली, तुम्हाला माझी चहापावडर बदलता आली नाही, ते काय धर्म बदलणार. बुवांनी एकदा त्यांचं पुस्तक दिलं, मी त्यांना संक्रांतीचा तिळगूळ दिला, आणि धर्मप्रसाराचा सामना तिथेच बरोबरीत सुटला.

मुलगा-सून कामावर आणि नात शाळेत गेली की मला खिडकीशिवाय दुसरं काम नव्हतं. त्यामुळे त्या दोघांचा दिवस मला पाठ झाला. सकाळी काळ्या पाट्या लावून दोघं गाडीपाशी येत. बुवा आत बसत, बाई मागे जाऊन उभ्या राहत आणि हात हलवून गाडी मागे घ्यायला लावत. हा त्यांचा नियम होता, एकाने उतरून मागे पाहायचंच. ज्या माणसाने जन्मभर बस चालवली त्याला बायकोने बर्फात उभं राहून 'येऊ द्या, येऊ द्या' करायचं, हे पाहून मला हसू आवरत नसे. मग दोघं मिळून तरुण एल्डर लोकांच्या खोल्या तपासायला जात. बुवा धुराची घंटा वाजते का बघत, बाई फ्रिज उघडून नाक मुरडत आणि स्वतःच घासायला घेत. कुणाला दवाखान्यात नेणं, कुणा एकट्या म्हातारीचं सामान आणून देणं, मंगळवारी इंग्रजीचा वर्ग. त्या वर्गाला मी जात असे. हे आले नाहीत, कारण यांचं इंग्रजी चांगलं आहे असं यांचं मत आहे.

आणि हे सगळं जोडीने. सेवेवर असताना जोडीदाराने नजरेआड व्हायचं नाही, असाही एक नियम. वयस्कर जोडप्यांना त्यात बरीच सूट असते म्हणे, पण बुवांना सूट घेणं म्हणजे फुकट प्रवास केल्यासारखं वाटे. बाई कपडे धुवायला तळघरात गेल्या की बुवाही जाऊन मशीनशेजारी बसत. बाई कचरा टाकायला निघाल्या की बुवा कोट चढवत.

मला त्यांची फार दया येई. पुरुष निवृत्त होऊन घरी बसला की काय होतं ते बाईमाणसालाच ठाऊक. आमचे हे पहिल्या महिन्यात मी फ्रिज किती वेळा उघडते यावर लक्ष ठेवून होते. पण आमच्या ह्यांना निदान दुपारी झोप लागते. सिस्टरबाईंचा नवरा सबंध संसारभर पहाटे बस घेऊन जायचा तो संध्याकाळी उगवायचा, आणि आता अख्खा दिवस समोर.

सोमवार त्यांचा सुटीचा. त्या दिवशी ते वर आमच्याकडे येऊ लागले, कारण यॉर्कशायरचा माणूस आणि आमचे हे यांच्यामध्ये क्रिकेट निघालं. दोघं हॉलमध्ये बसून जुन्या कसोटी सामन्यांवर बोलत. हे बटाटा हातात धरून लेगस्पिन समजावून सांगत. बुवा मात्र खुर्ची अशी लावून घेत की स्वयंपाकघराचं दार दिसावं. आत मी आणि सिस्टरबाई.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी मी शेंगदाण्याची चटणी वाटत होते. सुनेचा मिक्सर असा ओरडतो की शेजारी दार वाजवतील अशी भीती वाटते. तो चालू असताना सिस्टरबाई काहीतरी बोलल्या. ऐकू येईना म्हणून मी मिक्सर बंद केला, तर त्या गप्प. त्यांनी हॉलकडे एक नजर टाकली आणि बोटाने मिक्सर दाखवला. मी पुन्हा सुरू केला. त्या पुन्हा बोलू लागल्या.

त्या आवाजात, माझ्या कानाशी वाकून, त्यांनी जे सांगितलं ते असं. गावाकडे त्यांची थोरली बहीण वृद्धाश्रमात आहे. आई लवकर गेली, तेव्हा या बहिणीनेच त्यांना वाढवलं. दर शुक्रवारी जाऊन सिस्टरबाई तिचे केस धुवून, विंचरून देत. इकडे येताना दीड वर्षात परत येते असं तिला सांगितलं होतं. आता फोन केला की ती एकच विचारते, कोणत्या शुक्रवारी येतेस. तिचं अन्न तुटलंय असं तिथली माणसं म्हणतात. एप्रिलमध्ये या दोघांची मुदत संपतेय, पण मिशनच्या प्रमुखांनी आणखी सहा महिने राहाल का असं विचारलंय, आणि बुवांना राहायचंय. सहा महिन्यांनी बहीण असेल की नाही, आणि असली तरी ओळखेल की नाही, कोण जाणे.

मी म्हटलं, मग सांगा त्यांना.

बसची नोकरी सुटल्यावर दोन वर्षं बुवा नुसते खिडकीत बसून होते, त्या म्हणाल्या. इथे त्यांना रोज कुणीतरी बोलावतं. आणि देवाचं काम अर्धं टाकून बहिणीचे केस धुवायला घरी चला, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? आपलीच श्रद्धा कमी पडते असं त्यांना वाटत होतं. फोनवर बहिणीशी बोलतानाही बुवा शेजारी, त्यामुळे तिथेही सगळं छान आहे असंच म्हणायचं.

मी मिक्सर थांबवला नाही. चटणीची पेस्ट झाली, पेस्टला तेल सुटलं, तरी फिरवत राहिले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि हातात दुसरं काही नव्हतं. संध्याकाळी नातीने त्यात बोट बुडवून 'आजी, यू मेड पीनट बटर' असं जाहीर केलं आणि ते ब्रेडला लावून खाल्लं.

जाण्याआधी सिस्टरबाईंनी मला एक उलट प्रश्न विचारला. तुम्ही तुमच्या ह्यांना सांगितलंत का?

कारण माझं रडगाणं मी त्यांना आधीच ऐकवलं होतं. मुलाने आमचाही मुक्काम वाढवायचा अर्ज करायचं ठरवलं होतं, आणि यांनी 'काय हरकत आहे' म्हणून परस्पर होकार देऊन टाकला होता. मला नाशिकला जायचं होतं. माझं दार, माझी कपबशी, सकाळी जिना उतरता उतरता 'काय मावशी' म्हणणारी माणसं. मुलाचं घर सोन्यासारखं आहे, पण मी तिथे पाहुणी होते आणि पाहुणीला किती दिवस गोड हसता येतं? तरी मी काही बोलले नव्हते. दुसऱ्याला शहाणपण शिकवायला काय लागतं.

मिशनचे प्रमुख रविवारी उत्तर विचारणार होते. आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, मी दोघांना जेवायला बोलावलं होतं. वरण-भात, बटाट्याची सुकी भाजी, काकडीची कोशिंबीर, पोळ्या. बुवा पोळी काट्या-सुरीने कापून खात. त्यात त्यांना कुणी अडवू नये असं आमचं ठरलेलं होतं. मुलगा, सून, नात, सगळेच टेबलाशी होते.

दुसरा भात वाढताना बुवांनी सांगून टाकलं की उद्या ते होकार कळवणार, आणखी सहा महिने आम्ही तुमचे शेजारी. मग बाईंकडे वळून म्हणाले, "हो ना, सिस्टर?"

बाई ताटाकडे बघत म्हणाल्या, एल्डरना योग्य वाटतं तसं.

मुलाला आनंद झाला. तो म्हणाला, वा, म्हणजे आईबाबांनाही कंपनी, त्यांचंही एक्स्टेंड करतोच आहोत. आणि आमच्या ह्यांनी, पोळीचा तुकडा वरणात बुडवत, मान डोलावली.

माझं डोकं फिरलं. त्या बाईंचं गुपित माझ्याकडे ठेवीसारखं होतं, ते मी फोडणार नव्हते. पण माझं स्वतःचं तर माझंच होतं. मी डाव खाली ठेवला आणि मंगळवारच्या वर्गात शिकवतात तशा सावकाश इंग्रजीत, कुणी ऐकलं नाही असं म्हणू नये म्हणून, म्हटलं, "मला एप्रिलमध्ये घरी जायचंय."

यांनी मराठीत विचारलं, "आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे?" मीही मराठीतच म्हणाले.

ते मराठी सिस्टरबाईंना कळलं असेल असं नाही. पण त्यांनी चमचा ताटात ठेवला, हात पुसले आणि नवऱ्याला सांगितलं की त्यांनाही घरी जायचंय. बहीण वाट पाहतेय, ती जेवत नाही, शुक्रवार विचारते. सगळं सांगितलं, एका दमात, मिक्सर नसताना.

बुवा उठले, बाल्कनीत गेले आणि मागे दार ओढून घेतलं. काचेतून त्यांची पाठ तेवढी दिसत होती. मला वाटलं, आता या म्हाताऱ्याला मी जन्मभराचं दुखावलं. सिस्टरबाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. नातीने हळूच आपलं पाणी त्यांच्यापुढे सरकवलं.

बऱ्याच वेळाने ते आत आले. नाक लाल झालं होतं, थंडीने की कशाने ते मी विचारलं नाही. खुर्चीवर बसत म्हणाले की उद्या नाही म्हणून कळवतो, आणि मुदत संपली की लगेचच्या शुक्रवारच्या आत घरी पोचू अशी तिकिटं काढतो. मग थोडा वेळ त्यांनी बायकोकडे पाहिलं. बस थांब्यावरून सुटून गेल्यावर माणूस बघतो तसं.

"आणखी काय काय सांगायचं राहिलंय तुझं?"

सिस्टरबाईंनी खरोखरच विचार केला. म्हणाल्या, "बरंच आहे. घरी गेल्यावर सांगते."

मुलगा-सून हसले, बुवाही हसले. आमचे हे हसता हसता माझ्याकडे वळले, पण तोच प्रश्न मला विचारायची हिंमत काही यांना झाली नाही.